पाठ नसलेली खुर्ची, लोड, वीट, पट्टा: घरी योग करायला काय घ्यावं, काय घेऊ नये

गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही, खाली बसलं तर उठताना कुणाचा तरी हात लागतो, म्हणून योग आपल्याला जमायचा नाही असं ज्यांनी ठरवून टाकलंय, त्यांनी पहिली खरेदी मॅटची करू नये. खुर्चीची करावी. घडीची, लोखंडी, पाठीचा पत्रा काढलेली. योगाच्या साधनांच्या दुकानात जे मांडलेलं असतं त्यात पैशाचं पुरेपूर चीज होतं ते या एका वस्तूत. उरलेल्यांपैकी बऱ्याच गोष्टी आपल्या घरात कपाटात नाहीतर माळ्यावर आधीच पडलेल्या असतात.

ही साधनं योगवर्गांत रुळली ती पुण्यातून. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली शिकवायला पुण्यात आले आणि इथलेच झाले. ज्याचं शरीर आसनापर्यंत पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन आणायचं, या खटपटीत भिंत, खुर्ची, लाकडी वीट, पट्टा, दोर, लोड असं एकेक त्यांच्या शिकवण्यात येत गेलं. १९७५ साली शिवाजीनगरला त्यांची संस्था सुरू झाली. आता या पद्धतीचे वर्ग जगभर आहेत आणि साधनांची मापंही बरीचशी ठरून गेली आहेत. त्यामुळे दुकानात जाताना खिशात मोजपट्टी ठेवावी.

खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ ते १८ इंच हवी. पत्रा सपाट हवा. बशीसारख्या खोलगट बैठकीत कंबर मागे कलंडते, पाठीला पोक येतो आणि मग वळणारं कुठलंही आसन कण्यात न होता मानेतच होतं. पाठीच्या दोन उभ्या पाइपांमधलं अंतर आतून साधारण १५-१६ इंच असावं. दोन्ही मांड्या तिथून आरपार जायला हव्यात, पत्रा काढलेला असतो तो त्यासाठीच. पुढच्या दोन पायांना आणि मागच्या दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांड्या शाबूत हव्यात. चारही पायांना रबरी बूट हवेत, तेही घट्ट बसलेले. आजकालच्या गुळगुळीत टाइल्सवर बूट नसलेली खुर्ची सरकतेच.

घेण्याआधी दुकानातच तीन गोष्टी कराव्यात. खुर्ची उघडून बैठकीच्या पुढच्या कडेवर दोन्ही तळव्यांनी जोर द्यावा. मागचे पाय उचलले गेले तर ती खुर्ची नको. मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबावेत, डुगडुगत असेल तर नको. शेवटी बैठकीच्या खालच्या कडेवरून आणि पाठीचा पत्रा जिथून काढलाय तिथून बोट फिरवावं. ग्राइंडरने कापल्यावर कड घासलेली नसली की तिथे धार राहते, आणि तिच्याशीच तुमची पोटरी किंवा पाठ घासणार असते.

मंडप डेकोरेटरकडची जुनी घडीची खुर्ची घेऊन वेल्डिंगवाल्याकडून पत्रा काढून घ्यायचा, हा स्वस्तातला मार्ग बरेच जण धरतात. चांगला मार्ग आहे, फक्त आधी एक पाहायचं. काही खुर्च्यांत वरची दांडी एकाच वळवलेल्या पाइपाची असते. तिथला पत्रा बिनधास्त काढावा. काही खुर्च्यांत मात्र दोन उभे पाइप वर सुटे असतात आणि पाठीचा पत्रा हाच त्यांना जोडणारा दुवा असतो. तो काढला की पाइप फाकतात, बिजागरीची रिबिट ढिली पडते आणि महिन्या-दोन महिन्यांत खुर्ची लचकायला लागते. अशा खुर्चीला पत्रा काढण्याआधी वर आडवा पाइप वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगच्या जागी रंगाचा हात मारायला विसरू नये, कोकणात तर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

प्लॅस्टिकची खुर्ची यातल्या कशालाच चालत नाही. वळताना वजन एका बाजूला गेलं की तिचे पाय फाकतात. चाकांची ऑफिसची खुर्ची त्याहून वाईट. जेवणाच्या टेबलाची भक्कम लाकडी खुर्ची असेल तर खाली सांगितलेल्यापैकी बरंचसं तिच्यावरही होतं, आणि ज्यांना शिक्षकाकडे जाऊन पुढची आसनं शिकायची नाहीत त्यांनी नवी खुर्ची न घेता तिच्यावरच सुरुवात करावी.

आता हिचा उपयोग. खुर्चीवरचं भरद्वाजासन हे रोजच्या बसकामावरचं सगळ्यात कामाचं आसन आहे. खुर्चीवर आडवं बसायचं, उजवी बाजू पाठीकडे. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली, घोट्यावर सरळ रेषेत गुडघा. टेकत नसतील तर खाली पाट किंवा घडी केलेली सतरंजी. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये वीट किंवा घट्ट गुंडाळलेला टॉवेल धरायचा. श्वास घेत कणा वर ताणायचा, सोडत उजवीकडे वळायचं आणि दोन्ही हातांनी खुर्चीच्या पाठीचे उभे पाइप धरायचे. डावा हात ओढतो, उजवा ढकलतो. वळण्याचा क्रम खालून वर: आधी बेंबी, मग बरगड्या, मग खांदे, मान सगळ्यात शेवटी. २० ते ३० सेकंद, मग दुसरी बाजू, दोन्हीकडे दोनदोन वेळा.

यात हमखास चुकतं ते गुडघ्यांचं. उजवीकडे वळताना डावा गुडघा हळूच पुढे सरकतो. वळल्यासारखं वाटतं, पण वळलेला असतो तो खुबा, कणा तिथेच राहतो. विटेचं काम इथे पंचाचं आहे: गुडघा सरकला की वीट तिरपी होते किंवा पडते. दुसरी चूक श्वास कोंडण्याची. श्वास अडकला म्हणजे जास्त वळलात, थोडं परत यायचं. ज्यांची पाठ फारच आखडलेली आहे त्यांनी खुर्चीच्या पाठीकडे तोंड करून, पाय चौकटीतून आरपार घालून बसावं. मग गुडघे सरकायला जागाच राहत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना पाय आत घालणं जड जातं, त्यांनी आडवंच बसावं. हाडं ठिसूळ झालेल्यांनी हातांचा जोर न लावता आपोआप जेवढं वळता येईल तेवढंच वळावं. गरोदरपणी पोट दाबेल असं वळू नये.

दुसरा उपयोग विश्रांतीचा: पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेत, कंबर धरलीय, अशा वेळी या आसनाइतकं लवकर उतार देणारं दुसरं काही नाही. बैठकीवर चादरीची घडी, बैठकीची कड बरोबर गुडघ्याच्या लवणीत, मांड्या जवळजवळ उभ्या, माकडहाड जमिनीवर टेकलेलं. डोक्याखाली दोन-तीन इंचांची घडी, म्हणजे हनुवटी कपाळापेक्षा खाली राहते. इथे उंचीचा हिशोब सांभाळावा लागतो. पाच फुटांच्या आसपासच्या व्यक्तीला १८ इंचांची बैठक उंच पडते, कंबर जमिनीवरून उचलली जाते आणि आराम होण्याऐवजी ती ताणते. ढुंगणाखाली चादरीची चौपदरी घडी सरकवावी. उंच माणसाचं उलट, बैठकीवरच एक जाड घडी वाढवावी. ५ ते १० मिनिटं पुरेत.

खाली जाणं-येणं हाच ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी: खुर्चीची पाठ भिंतीला लावून ठेवा, चारही पाय मॅटवर, कारण दोन मॅटवर आणि दोन टाइलवर असले की खुर्ची तिरपी होते. बैठकीला दोन्ही हातांनी धरून एक गुडघा टेकवा, मग दुसरा, मग खुर्चीजवळ एका कुशीवर बसा, कुशीवर आडवं व्हा, पाठीवर वळा आणि एकेक पोटरी वर ठेवा. उठताना उजव्या कुशीवर वळून चार-पाच श्वास थांबायचं, हाताने जमीन ढकलत बसायचं, बैठक धरून एक पाऊल पुढे टेकवायचं आणि उठायचं. घाई केली तर चक्कर येते. गुडघा टेकताच येत नसेल तर जमिनीचा हट्ट नको, पलंगावर झोपून गुडघ्यांखाली लोड घ्यावा.

खुर्चीवरची सर्वांगासन आणि विपरीत दंडासन ही आसनं चित्रात सोपी दिसतात, पण ती शिक्षकासमोरच शिकायची. रक्तदाब जास्त असलेल्यांनी आणि काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाणारं काहीही घरी परस्पर करू नये.

खुर्चीनंतर लोड. भारतीय बैठकीवरचा कापसाचा लोड घरात असेल तर दुकानातला घेऊ नका. योगाचा लोड साधारण दोन-सव्वादोन फूट लांब आणि आठ-नऊ इंच जाड असतो, कापूस ठासून भरलेला, उचलल्यावर वजन जाणवणारा. ऑनलाइन दिसणारे हलके, फायबर भरलेले रंगीत लोड टाळावेत. वजन पडलं की ते मधे खचतात, त्यावर झोपल्यावर छाती उघडण्याऐवजी आत जाते आणि श्वास वरच्यावर राहतो. पारखायची सोपी रीत म्हणजे मधोमध तळवा ठेवून जोराने दाबायचं. हात दोन बोटांहून जास्त आत गेला तर तो लोड उशीच्या लायकीचा. खोळ काढून धुता येणारी हवी आणि चेन टोकाच्या गोल बाजूला हवी. लांबीवर शिवलेली चेन नेमकी मणक्यांखाली येते. ही चूक महागड्या लोडांतही असते, आणि शिवणाऱ्याने त्यावर कधी झोपून पाहिलेलं नाही हे तिथेच कळतं.

मनाच्या थकव्यासाठी लोडावरचं सुप्त बद्धकोणासन. लोड लांबीत मागे ठेवायचा, माकडहाडापासून चार बोटं अंतर सोडून. तळपाय जुळवून गुडघे बाजूला सोडायचे आणि दोन्ही मांड्यांखाली उशा किंवा चादरीच्या घड्या द्यायच्या. हे मांड्यांचे आधार वगळले की जांघेत ताण राहतो, आणि शरीर ताणात असताना मन निवत नाही. हातांनी टेकत मागे झोपायचं, डोक्याखाली घडी, हात बाजूला, तळवे वर. श्वासाशी काही करायचं नाही, फक्त सोडलेला श्वास कुठे संपतो ते पाहायचं. तीन-चार मिनिटांत श्वास सोडणं आपोआप लांबत जातं. ते झालं की मांडणी बरोबर आहे असं समजावं. कंबर दुखायला लागली तर लोड उंच पडतोय. तो काढून तेवढ्याच लांबीच्या दोन चादरींच्या घड्या घ्याव्यात.

डोळ्यांवर सैलसर गुंडाळायची चार इंची क्रेप पट्टी औषधाच्या दुकानात मिळते आणि स्क्रीनसमोर बसणाऱ्यांना तिचा गुण येतो. पट्टीखालून बोट सहज सरकलं पाहिजे, नाकपुड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. काचबिंदू असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा अंधारात जीव घाबरत असेल तर पट्टी नको, नुसता सुती हातरुमाल ठेवावा. काढल्यावर लगेच मोबाइल बघितला की सगळं फुकट.

चादरींबाबत आपण नशीबवान आहोत. सोलापुरी चादर घडी धरून ठेवते, तिच्यावर वजन पडलं तरी कड मोडत नाही. घोंगडी तर घसरतही नाही, खरखरीतपणा चालत असेल तर उत्तमच. मऊ, चकचकीत, फुलाफुलांची ब्लँकेटं या कामाची नाहीत. घडी घसरते आणि चेपून सपाट होते. मांडी घालून बसताना कंबर मागे जात असेल तर घडीच्या मधोमध न बसता कडेवर बसायचं, इतकं उंच की गुडघे खुब्यांपेक्षा खाली येतील. तीन इंच, चार इंच, कुणाला सहासुद्धा लागतात. त्यात कमीपणा काही नाही. तरीही गुडघा दुखला तर खुर्चीवर बसूनच प्राणायाम करावा.

वीट लाकडी असावी, साधारण ९ × ४.५ × ३ इंच, कडा गोल केलेल्या. फोमची वीट हलकी आणि स्वस्त असते, गुडघ्यांत धरायला किंवा डोक्याखाली ठेवायला ठीक आहे. पण त्रिकोणासनात तिच्यावर तळवा टेकवून वजन दिलं की ती एका कडेवर दबते आणि मनगट मुरगळतं. त्रिकोणासन करताना पाठ भिंतीला लावायची, पावलांत तीन-साडेतीन फूट अंतर, वीट उजव्या घोट्याच्या बाहेर सगळ्यात उंच बाजूवर उभी. तेवढ्यानेही हात पोचत नसेल तर विटेऐवजी खुर्चीची बैठक घ्यायची. गुडघा वाकवून विटेपर्यंत पोचण्यात अर्थ नाही. पॉलिश केलेली वीट घामाने निसटते, तिला बारीक पॉलिश पेपर मारून घ्यावा. कॉर्कची वीट पकड चांगली देते, मात्र तिचे कोपरे झिजून भुगा पडतो. कोपऱ्यावरच्या सुताराकडून सागवानाच्या किंवा पाइनच्या तुकड्याची वीट करून घेणं सगळ्यात बरं. दोन घ्या.

पट्ट्याबद्दल थोडक्यात: सुती, दीड इंच रुंद, किमान आठ फूट लांब, बक्कल धातूचं. प्लॅस्टिकचं बक्कल ताण आला की सरकतं. नायलॉनचा पट्टा पायाला काचतो. घरची जुनी सुती ओढणी किंवा धोतराची पट्टी पीळ देऊन वापरली तरी चालते. नाडा बारीक असतो म्हणून नको, ताणणारं कापड तर मुळीच नको. पाठीवर झोपून एक पाय भिंतीला टेकलेला, दुसऱ्याच्या चवड्याला पट्टा, असं सुप्त पादांगुष्ठासन करताना वरचा पाय किती उंच गेला याकडे पाहू नये. खालचा गुडघा वाकला किंवा डोकं मागे फेकलं गेलं तर पाय खाली आणायचा. सायटिका असेल तर पाय ओढायचाच नाही, वरच्या पायाची टाच खुर्चीच्या बैठकीवर टेकवून थांबायचं.

मॅट चार-पाच मिलिमीटरची, पकड देणारी. दहा मिलिमीटरची गुबगुबीत मॅट गुडघ्यांना सुखाची वाटते, पण तिच्यावर उभं राहिलं की घोटे डगमगतात, आणि तोल जायची भीती असलेल्या माणसाला नेमकं तेच नको असतं. सतरंजीवर उभ्याची आसनं करू नयेत, ती टाइलवरून निघते.

दारात अडकवायचे झोके आणि भिंतीचे दोर यांचं मात्र सक्त ‘नको’. वर्गातले दोराचे हुक भक्कम भिंतीत खोल बसवलेले असतात. फ्लॅटमधल्या चार इंची आतल्या भिंती माणसाचं लोंबतं वजन पेलायला बांधलेल्या नसतात, खिडकीच्या ग्रिलचंही तसंच. दोराऐवजी स्वयंपाकघरातला ओटा वापरावा. ओटा पुसून कोरडा करायचा, गॅस बंद, तळवे कडेवर खांद्यांइतक्या अंतरावर. मागे चालत जायचं, हात आणि पाठ एका रेषेत येईपर्यंत, खुबे टाचांच्या बरोबर वर. मांड्यांच्या मागच्या शिरा ओढत असतील तर गुडघे थोडे वाकवायचे, कंबर मात्र खाली लोंबू द्यायची नाही. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये हे सहज होतं, आणि खांद्यांना रोज एवढं मिळालं तरी फरक पडतो.

निगा फार नाही. लोडाला महिन्यातून एकदा ऊन दाखवावं. दोन-तीन वर्षांनी तो चेपला की नवा न घेता गादीवाल्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरून घ्यावा. मॅट सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून सावलीत वाळवायची, उन्हात तिचे पापुद्रे निघतात. पावसाळ्यात ती गुंडाळून कपाटात कोंबली तर कुबट वास धरते आणि तो जात नाही, खुर्चीच्या पाठीवर पसरून ठेवावी. परदेशातल्या मुलांकडे राहायला जाणाऱ्यांनी भरलेला लोड सामानात न्यायच्या भानगडीत पडू नये. नुसती खोळ आणि पट्टा न्यावा, तिथल्या दोन-तीन ब्लँकेटांची घट्ट गुंडाळी खोळीत भरली की लोड तयार होतो.